कुरणाचे गहाणखत

अमेरिकेतील लास वेगास शहराचे नाव काढले की डोळ्यांपुढे दिव्यांचा झगमगाट आणि जुगाराची मोठमोठी हॉटेले उभी राहतात. मुलाबाळांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या कुटुंबांच्या छायाचित्रांत त्या झगमगाटाची दोन-चार छायाचित्रे हमखास सापडतात. परंतु त्याच लास वेगास बुलेव्हार्डने उत्तरेकडे काही मैल गेले की वॉशिंग्टन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर मातीच्या विटांची एक बसकी, साधी इमारत लागते. तेथे थांबणारे प्रवासी थोडेच. ज्यांना व्यापारउदीम, व्याजबट्टा आणि वारसाहक्क हे विषय घरचे आहेत, अशांनी मात्र तेथे अर्धा दिवस अवश्य काढावा. एके काळी या जागी वाळवंटातील एक एकाकी वाडी होती. ती कोणी कोणाकडे गहाण ठेवली, ती कशी बुडाली, कोणाच्या गळ्यात पडली आणि शेवटी कोणी कोणत्या भावाने घेतली, या साऱ्या व्यवहारातून आजचे शहर उभे राहिले आहे.

‘लास वेगास’ हे शब्द स्पॅनिश भाषेतील असून त्यांचा अर्थ ‘कुरणे’ असा होतो. मोहावी वाळवंटाच्या या भागात वर्षाकाठी सरासरी अवघे १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार इंच पाऊस पडतो. अशा ठिकाणी कुरण कोठून आले? खोऱ्याभोवतालच्या डोंगरांवरील बर्फाचे पाणी जमिनीत मुरून, खोलवरून दाबाखाली येऊन येथे झऱ्यांच्या रूपाने आपोआप वर येत असे. त्या झऱ्यांचा ओढा काही मैल पूर्वेकडे वाहत जाई आणि त्याच्या दोन्ही काठांना गवत व मेस्किटची झाडे उगवत. दक्षिण पायुट लोकांची येथे पिढ्यानपिढ्या वस्ती होती. सन १८२९-३० च्या हिवाळ्यात न्यू मेक्सिकोहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या अँटोनियो आर्मिहो याच्या व्यापारी तांड्याने या बाजूने वाट काढली, आणि पुढे जुना स्पॅनिश मार्ग म्हणून ओळखल्या गेलेल्या वाटेवर हे ठिकाण मुक्कामाचे झाले. ३ मे १८४४ रोजी जॉन फ्रीमाँट या लष्करी सर्वेक्षकाने येथे तळ दिला आणि पाणी गोड पण कोमट असल्याची नोंद आपल्या अहवालात केली. तो अहवाल छापला गेला आणि झऱ्याचे नाव नकाशावर चढले.

पहिली बांधीव वस्ती मॉर्मन पंथीयांची. विल्यम ब्रिंगहर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली तीस माणसे १४ जून १८५५ रोजी यूटाहून येथे पोहोचली. त्यांनी ओढ्याकाठी दीडशे फूट लांब व तितकाच रुंद असा, चौदा फूट उंच भिंतींचा गढीवजा कोट उन्हात वाळवलेल्या विटांनी बांधण्यास घेतला, पाट काढले आणि शेती सुरू केली. जवळच्या पोटोसी डोंगरात शिसे सापडल्याने आशा वाढली, पण ते खनिज गाळण्यास अवघड निघाले. पिके पुरेशी येईनात, आपसातही मतभेद झाले. सन १८५७ मध्ये मंडळींना परत बोलावण्यात आले आणि कोट ओस पडला. दोन वर्षांचा हा अध्याय स्थानिक माहितीपत्रकांत फार मोठा करून सांगितला जातो. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने खरी सुरुवात त्यानंतर आठ वर्षांनी होते.

सन १८६५ मध्ये ऑक्टेव्हियस डिकेटर गॅस हा ओहायोचा मनुष्य येथे आला. (आडनाव मराठी वाचकास गमतीचे वाटेल, पण ते तसेच आहे.) सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेलेल्या हजारोंपैकी तो एक होता. खाणीत नशीब उघडले नाही, तेव्हा दोन भागीदारांसह त्याने हा पडका कोट आणि त्याभोवतीची जमीन ताब्यात घेतली. कोटाच्याच भिंतींच्या आधाराने घर उभारले, गुरे पाळली, गहू, भाज्या, घेवडा, द्राक्षे आणि फळझाडे लावली. अशा ठिकाणाला तिकडे रँच म्हणतात. आपण वाडी म्हणू. गिऱ्हाईक दोन प्रकारचे होते, डोंगरांतील खाणींवर काम करणारे लोक आणि या वाटेने जाणारे प्रवासी. शेकडो मैलांच्या उजाड वाटेवर ताजी भाजी, पीठ, मांस आणि मुख्य म्हणजे पाणी मिळण्याचे हे एकच ठिकाण होते. हळूहळू भागीदारांचे हिस्से विकत घेऊन गॅस एकटा मालक झाला.

गॅस कष्टाळू होता, हुशार होता आणि वजनदारही होता. ही जमीन त्या वेळी ॲरिझोना प्रांतात मोडत असे आणि गॅस त्या प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेला होता. मग वॉशिंग्टनच्या काँग्रेसने कायदा करून हा टापू नेव्हाडा राज्याला जोडला. ज्या माणसाने ॲरिझोनाचे विधिमंडळ गाजवले, त्याची वाडी एका कायद्याने दुसऱ्या राज्यात गेली, आणि नव्या राज्याने मागील थकबाकीसह कराची मागणी केली. तोही कर नाण्यांत हवा, धान्यात किंवा गुरांत नको. वाळवंटात माल होता, पत होती, पण रोख नव्हती. ज्यांनी खेड्यापाड्यांत पेढी चालवली आहे त्यांना हे दुखणे नव्याने सांगावयास नको. सुगीच्या आधी घरात धान्याची कणगी रिकामी आणि दाराशी वसुलीचा शिपाई, अशी ही अवस्था.

सन १८७९ मध्ये गॅसने पिओच या खाणगावातील आर्चिबाल्ड स्टुअर्ट या व्यापाऱ्याकडून पाच हजार डॉलर सोन्यात कर्जाऊ घेतले. तारण म्हणून संपूर्ण वाडी. व्याजाचा दर होता दरमहा शेकडा अडीच.

हा दर जरा मांडून पाहण्यासारखा आहे. पाच हजारांवर महिन्याला सव्वाशे डॉलर, वर्षाला दीड हजार. सरळव्याजाने धरले तरी चाळीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे होते. आपल्याकडील हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम पूर्वापार आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये असे तो सांगतो. नेव्हाडाच्या वाळवंटात असे बंधन नव्हते. अर्थात स्टुअर्टला केवळ लोभी म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. रोकड दुर्मीळ, वसुलीस जावयाचे तर पावणेतीनशे किलोमीटरची घोडागाडीची वाट, आणि तारण असे की ते विकावयास काढले तर गिऱ्हाईक मिळेलच याची शाश्वती नाही. एवढी जोखीम असता दर चढा राहणारच. प्रश्न दराचा नव्हे, कर्ज घेणाऱ्याच्या उत्पन्नाचा होता. ज्या वाडीचे उत्पन्न ऋतूवर आणि खाणींच्या नशिबावर अवलंबून, तिने दर महिन्याला चढणारे व्याज पत्करणे हे मुळातच न जमणारे गणित होते. मुदत संपली, ती वाढवून मिळाली, तीही संपली. सन १८८१ मध्ये वाडी स्टुअर्टकडे गेली. सोळा वर्षांची मेहनत सोडून गॅस बायकामुलांसह कॅलिफोर्नियाला निघून गेला. तो पुढे दीर्घायुषी झाला, सन १९२४ पर्यंत जगला, परंतु त्या ओढ्याकाठी त्याचे पुन्हा काही उरले नाही.

आता या कथेत हेलनबाई येतात. हेलन वायझर यांचा जन्म १८५४ मधला, इलिनॉय राज्यातला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आले, काही काळ त्यांचे कॉलेजातही शिक्षण झाले, आणि १८७३ मध्ये वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या आर्चिबाल्ड स्टुअर्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पिओचसारख्या गजबजलेल्या गावातून या निर्जन ठिकाणी राहावयास जाण्यास त्या नाखूश होत्या. काही दिवसांपुरतेच जावयाचे आहे असे पतीने सांगितले आणि १८८२ च्या वसंतात त्या तीन मुलांसह वाडीवर आल्या. चौथ्या मुलीचा जन्म येथेच झाला. तिच्या नावातच ‘ला व्हेगा’ हे शब्द गुंफण्यात आले.

जुलै १८८४ मध्ये स्टुअर्ट माल घेऊन बाहेरगावी गेले असता स्कायलर हेन्री नावाच्या गड्याने काम सोडले आणि हेलनबाईंकडे आपला पगार मागितला. हिशेब पती पाहत असत, बाईंना त्याची माहिती नव्हती. मालक येईपर्यंत थांब, असे त्यांनी सांगितले. त्यावर गडी अद्वातद्वा बोलून जवळच असलेल्या काईल यांच्या वाडीवर निघून गेला. काईल हे गॅसचे जुने मित्र, आणि गॅसची वाडी स्टुअर्टच्या घशात गेल्याचा सल त्यांच्या मनात होता असे म्हणतात. १३ जुलैला स्टुअर्ट परतले. घडलेला प्रकार ऐकून बंदूक घेऊन काईलच्या वाडीवर गेले आणि तेथे गोळी लागून मरण पावले. मृतदेह घेऊन जा, अशी दोन ओळींची चिठ्ठी हेलनबाईंना आली. शवपेटीसाठी वाळवंटात लाकूड मिळेना, तेव्हा घराची दारे उतरवून त्यांची पेटी करण्यात आली. पुढे काईल आणि हेन्री यांच्यावर खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांनी पुरेसा आधार नाही म्हणून प्रकरण सोडून दिले.

एका गड्याच्या थकलेल्या पगाराचा विषय येथवर गेला. घरातील जमाखर्च घरातील स्त्रीला ठाऊक असता तर तो तेथेच मिटला असता काय? सांगता येत नाही, परंतु हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हेलनबाई त्या वेळी तीस वर्षांच्या होत्या. चार मुले पदरी आणि पाचवे पोटात. जानेवारी १८८५ मध्ये मुलगा झाला, त्याला वडिलांचे नाव दिले. पतीने मृत्युपत्र केलेले नव्हते. वारसाचे काम जिल्ह्याच्या ठाण्यात, म्हणजे पुन्हा त्या पावणेतीनशे किलोमीटरवरील पिओचला. बाईंचा मनोदय स्पष्ट होता, वाडी विकून माणसांत जावयाचे. परंतु पिओचच्या चांदीच्या खाणी मंदावल्या होत्या, गावे ओस पडत होती, आणि एवढी मालमत्ता रोखीने घेणारा कोणी नव्हता. विकता येत नाही म्हणून चालवणे भाग पडले. थोर व्यक्तींच्या चरित्रांत पुष्कळदा निर्धार, ध्येय असले शब्द वापरले जातात. येथे पहिली काही वर्षे तरी निरुपाय हा शब्द अधिक खरा आहे, आणि त्याने बाईंचे मोठेपण कमी होत नाही.

त्यांनी हिशेब शिकून घेतला. गुरे, द्राक्षमळा, फळबाग, भाजीपाला यांचा व्यवहार स्वतः पाहिला. खाणींवर माल पाठवला. वाटसरूंच्या राहण्याजेवणाची पैसे घेऊन सोय केली. शेतावर कामाला बहुतेक पायुट लोक असत. मुलांच्या शिक्षणासाठी शाळा नव्हती, म्हणून जेम्स रॉस मेगॅरिगल नावाच्या विद्वान गृहस्थांना वाडीवर शिक्षक म्हणून ठेवून घेतले. ते शेवटपर्यंत तेथेच राहिले आणि वारल्यावर त्यांना स्टुअर्ट कुटुंबाच्या दफनभूमीतच जागा मिळाली. सन १८९३ मध्ये वाडीवर टपाल कचेरी सुरू झाली आणि हेलनबाई पोस्टमास्तर झाल्या. न्यू मेक्सिकोत याच नावाचे दुसरे गाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा टाळण्यासाठी शिक्क्यावर नाव ‘लॉस वेगास’ असे लिहिले जाई. व्याकरणदृष्ट्या ते चूक, पण पत्र योग्य ठिकाणी पोहोचण्याशी मतलब.

या काळातील त्यांचा खरा व्यापारी निर्णय म्हणजे आसपासची जमीन विकत घेत जाणे. खाणी बुडाल्या की लोक जमिनी सोडून जात, भाव पडत, आणि रेल्वे येणार अशी वदंता दर दोन-चार वर्षांनी उठे व विरे. बाईंनी वदंतेवर विसंबून कर्ज काढले नाही, पण पाण्याजवळची जमीन हाती येईल तशी घेत राहिल्या. शतकाअखेरीस त्यांची जमीन सुमारे अठराशे एकरांपर्यंत गेली आणि लिंकन जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या जमीनदारांत त्यांची गणना होऊ लागली.

दुःखे मात्र संपली नाहीत. पित्यामागे जन्मलेला आर्ची १८९९ मध्ये घोड्यावरून पडून चौदाव्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९०० मध्ये, काईलच्या वाडीवर दोघा काईल बंधूंचे मृतदेह सापडले. एकाने दुसऱ्याला मारून आत्महत्या केली असा निष्कर्ष तेव्हा काढण्यात आला. पंचाहत्तर वर्षांनी विद्यापीठातील अभ्यासकांनी अस्थी उकरून तपासल्या, तेव्हा दोघांचाही खून झाला होता असे दिसून आले. खुनी कोण हे ठरलेले नाही. दोन शेजारी वाड्या, आणि दोन्हींकडे बंदुकीने गेलेली माणसे.

सन १९०२ मध्ये अखेर गिऱ्हाईक आले. माँटानातील तांब्याच्या खाणींवर अफाट संपत्ती मिळवलेले सिनेटर विल्यम क्लार्क लॉस एंजेलिस व सॉल्ट लेक ही शहरे जोडणारी रेल्वे बांधीत होते. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते, आणि त्या वाळवंटी पट्ट्यात भरवशाचे पाणी या वाडीतच होते. वाडी पाण्याच्या हक्कासह पंचावन्न हजार डॉलरना विकली गेली. पाच हजारांच्या कर्जापोटी आलेली मालमत्ता एकवीस वर्षांनी पंचावन्न हजारांना गेली, म्हणजे अकरापट. चक्रवाढीने हा परतावा वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास भरतो. मूळ कर्जाच्या तीस टक्क्यांपुढे तो निम्म्याहून कमीच दिसतो. शिवाय मधल्या काळात घेतलेल्या जमिनींचे मोल आणि अठरा वर्षांचे श्रम यात धरलेले नाहीत. ते धरले तर आकडा आणखी खाली येईल, आणि श्रम कोणत्या खात्यावर टाकावयाचे हा प्रश्नही उरेलच.

विक्रीच्या खतात बाईंनी एक तुकडा वगळून ठेवला, चार एकरांचा. त्यात पती, मुलगा आणि मेगॅरिगल गुरुजी चिरविश्रांती घेत होते. त्या जागेला पुढे ‘फोर एकर्स’ असेच नाव पडले. सन १९०३ मध्ये त्यांनी वाडीवर काम करणाऱ्या फ्रँक स्टुअर्ट यांच्याशी पुनर्विवाह केला. आडनाव तेच असले तरी नाते नव्हते. विवाहापूर्वी बाईंनी आपली मालमत्ता स्वतंत्र राहील असा करार त्यांच्याकडून लिहून घेतला. ज्यांना मृत्युपत्राविना मागे राहण्याचा अनुभव आला होता, त्यांची ही दक्षता समजण्यासारखी आहे.

क्लार्क यांच्या कंपनीने काय केले ते शहराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १५ मे १९०५ रोजी रणरणत्या उन्हात भूखंडांचा लिलाव मांडला गेला. एकूण एकशे दहा एकरांची आखणी होती. दोन दिवसांत सुमारे दोन लाख पासष्ट हजार डॉलर जमा झाले, म्हणजे वाडीच्या किमतीच्या जवळजवळ पाचपट, आणि तीही वाडीच्या एका लहानशा कोपऱ्यातून. विक्रीच्या वेळी वाडीची मोजणी करणारे सर्वेक्षक मॅकविल्यम्स यांनीही रुळांच्या पश्चिमेस ऐंशी एकर जमीन स्वतःकरिता मिळवून आधीच एक वसाहत मांडली होती. परंतु पाणी रेल्वेकडे होते. पश्चिमेची तंबूंची वस्ती त्याच वर्षी लागलेल्या आगीत बरीचशी जळाली, आणि धंदा रुळांच्या पूर्वेस सरकला. भूखंड दोघांकडेही होते, पण पाण्याचा हक्क एकाकडेच होता.

गहाणखते, खरेदीखते आणि लिलाव यांच्या या साखळीत पायुट लोकांची सही कोठेच नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हे पाणी शतकानुशतके वापरले, ते त्याच पाण्याकाठी मजुरीला होते. वाडीचे शहर झाल्यावर मजुरीही आटली. हेलनबाईंचा या लोकांशी जवळचा परिचय होता. त्यांच्या सुंदर विणीच्या शेकडो टोपल्या त्यांनी संग्रही ठेवल्या होत्या. सन १९११ च्या डिसेंबरात त्यांनी ओढ्याजवळची दहा एकर जमीन पाचशे डॉलरना केंद्र सरकारला दिली आणि ती पायुट वसाहतीसाठी राखली गेली. कित्येक पुस्तकांत याला दान म्हटले आहे, पण खतात किंमत लिहिलेली आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ या लोकांच्या हाती तेवढीच दहा एकर होती. सन १९८३ मध्ये काँग्रेसने शहराच्या वायव्येस सुमारे ३८०० एकर त्यांना परत केली.

शहर वाढले तशा हेलनबाई त्याच्या वडीलधाऱ्या मानल्या जाऊ लागल्या. शाळा मंडळावर निवडून आल्या, न्यायालयात ज्युरी म्हणून बसल्या. ६ मार्च १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. जुगार नेव्हाडात कायदेशीर झाला तो त्यानंतर पाच वर्षांनी.

मातीच्या इमारतीचे नशीब पुढेही चमत्कारिक राहिले. सन १९२९ मध्ये ती केंद्र सरकारच्या खात्याने भाड्याने घेतली आणि कोलोरॅडो नदीवरील नियोजित धरणासाठी काँक्रीट तपासण्याची प्रयोगशाळा तेथे चालवली. तेच आजचे हूवर धरण. इकडे झऱ्यांच्या पाण्यावर शहराने विहिरींमागून विहिरी खोदल्या, जमिनीखालचा दाब घटत गेला, आणि १९६२ मध्ये झरे वाहावयाचे थांबले. आज शहराच्या पाण्याचा बहुतांश भाग त्या धरणाच्या जलाशयातून उपसून आणला जातो.

जुना कोट आता राज्य शासनाचे ऐतिहासिक उद्यान आहे. पाहणाऱ्याने शक्यतो हिवाळ्यात जावे, उन्हाळ्यात दुपारी तेथे उभे राहवत नाही. मूळ भिंतींचा थोडाच भाग शिल्लक आहे, बाकीचे बांधकाम पूर्वीच्या धर्तीवर नव्याने केलेले आहे. आवारातील ओढाही तसाच, जुन्या ओढ्याची आठवण म्हणून नव्याने तयार केलेला. झऱ्यांची मूळ जागा तेथून तीन-एक मैलांवर पश्चिमेस असून तीही ‘स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह’ या नावाने जपलेली आहे. वेळ असल्यास दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहून होतात.